पेनड्राइव्हमधले शॉर्टकट, ‘पीएम किसान’ची फाइल आणि दुकानातला पीसी

प्रश्न थोडक्यात असा आहे: चोपड्यात बस स्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, दोन पीसी, त्यातला एक बराच जुना. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावला की सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट होतात, अँटिव्हायरसने साफ केलं तरी आठवड्यात पुन्हा तेच. त्यात एका शेतकऱ्याच्या खात्यातून पैसे गेले. त्याच्या व्हॉट्सॲपवर गावाच्या ग्रुपमध्ये ‘पीएम किसान’ नावाची फाइल आली होती, ती त्याने उघडली होती. पण तो म्हणतो, तुमच्याकडे फॉर्म भरला म्हणूनच पैसे गेले. व्हायरस, वर्म, ट्रोजन यांत फरक काय, हे येतं कुठून, आणि फॉर्मॅट मारावा का?

भाऊ, आधी त्या शेतकरी दादांचं घेऊ, कारण तिथे तुमच्या दुकानाचं नाव खराब होतंय. त्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असणार, नक्की बघा. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं ॲप. तुमच्या विंडोजच्या पीसीवर ते नुसतं डबल-क्लिक करून चालत नाही, आणि तुमच्याकडे फॉर्म भरल्याने ते त्यांच्या फोनमध्ये जातही नाही. ते फोनवाल्यालाच स्वतःच्या बोटाने इन्स्टॉल करावं लागतं, तेही ‘हे ॲप अनोळखी ठिकाणचं आहे’ असा इशारा बाजूला सारून. एकदा बसलं की ते मेसेज वाचायची परवानगी मागतं. वर सरकारी चिन्ह असतं, नाव योजनेचं असतं, हप्ता अडकलेला असतो. माणूस ‘अलाऊ’ दाबत जातो. मग एक फॉर्म येतो: नाव, आधार, डेबिट कार्डाचा नंबर, कधी ‘पडताळणीसाठी एक रुपया भरा’ म्हणून यूपीआयचा पिन.

दादा शपथेवर सांगतील की ओटीपी मी कुणालाच सांगितला नाही. ते खरंच बोलत असतील. सांगावा लागतच नाही. मेसेजची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी आला रे आला, ॲप तो चोराकडे पाठवून मोकळं होतं. काही ॲप्स स्वतःचं चिन्हच स्क्रीनवरून लपवतात, म्हणून नंतर शोधलं तर काही सापडत नाही. शिवाय ही मंडळी बळी पडलेल्याच्याच व्हॉट्सॲपवरून तीच फाइल पुढच्या सगळ्या ग्रुपमध्ये सोडतात. ‘पण फाइल तर सरपंचांच्या नंबरवरून आली होती!’ हो, कारण सरपंचांचा फोन आधीच गेला होता. योजनेच्या हप्त्याच्या दिवसांत पीएम किसान, लग्नसराईत लग्नपत्रिका, मधल्या काळात आरटीओचं चलन नाहीतर थकलेलं वीजबिल. माल तोच, फक्त वेष्टन बदलतं.

असं कुणाचं झालं आणि तो धावत तुमच्याकडे आला, तर फोन आधी एअरप्लेन मोडवर टाकायला लावा आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड, यूपीआय थांबवा, आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतानाच कुठेतरी गोठवता येतात, म्हणून तिथे मिनिटांना किंमत आहे. दुपारी जेवून मग पोलीस स्टेशनला जाऊ, हे चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातात, त्याची जबाबदारी बँकेची. म्हणून तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या. नंतर फोन सेफ मोडमध्ये चालू करून ते ॲप काढा. निघत नसेल तर सेटिंगमध्ये त्याला ‘डिव्हाइस ॲडमिन’ केलेलं असतं, आधी ते काढावं लागतं. कॉल दुसरीकडे वळवलेत का ते स्टार-हॅश-२१-हॅश डायल केलं की दिसतं, आणि हॅश-हॅश-००२-हॅश केलं की सगळी वळवणी रद्द होते. शंका राहिली तर फोन सरळ रिसेट.

आता पेनड्राइव्ह.

एखाद्या शॉर्टकटवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘टार्गेट’ची ओळ नीट वाचा. साध्या शॉर्टकटमध्ये तिथे फोल्डरचा पत्ता असतो. तुमच्याकडे तिथे सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट (विंडोजचे कमांड चालवणारे प्रोग्राम) असं नाव आणि पुढे लांबलचक मजकूर दिसेल. ती ओळ दोन कामं करते. गुपचूप एक स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची छोटी फाइल, चालवते, आणि त्याच दमात खरं फोल्डर उघडून देते. गिऱ्हाइकाला त्याची फाइल मिळते, तुम्ही प्रिंट देता, कुणाचंच काम अडत नाही. अडत नाही म्हणूनच कुणाला संशय येत नाही.

डेटा गेलेला नसतो. खऱ्या फोल्डरांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ असे दोन्ही शिक्के मारून ठेवलेले असतात. नुसतं ‘शो हिडन फाइल्स’ केलं तर दिसत नाहीत. फोल्डर ऑप्शन्समध्ये खालची ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ ही खूणही काढावी लागते. मग फिकट रंगात सगळं दिसायला लागतं. कधीकधी सगळा माल बिननावाच्या एका फोल्डरमध्ये कोंबलेला असतो, नावाच्या जागी नुसती मोकळी जागा. ते उघडून माल बाहेर काढायचा. शिक्के पुसायला कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब ही कमांड आहे, एच, आर आणि एस तिन्हींना उणे देऊन. कॉलेजची पोरं प्रोजेक्ट गेला म्हणून रडकुंडीला येतात, तेव्हा एवढं केलं तरी तुम्ही त्यांचे देव.

हे झालं पेनड्राइव्हवरचं. खरा पाहुणा पीसीत बसलेला आहे. स्क्रिप्टची एक प्रत ॲपडेटा किंवा टेम्प फोल्डरमध्ये आणि तिची नोंद स्टार्टअपमध्ये असते. टास्क मॅनेजर उघडा. ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट’ असं काही सतत चालू दिसतंय का बघा. झेरॉक्सच्या दुकानातल्या पीसीवर ते सतत चालायचं काही कारण नाही. ते जागं असेपर्यंत जो पेनड्राइव्ह लागेल, त्याला हा प्रसाद मिळणार.

तुम्ही अँटिव्हायरसने पीसी साफ करता, आणि दुसऱ्या दिवशी तोच कॉलेजचा पोरगा तोच पेनड्राइव्ह घेऊन येतो. शेतात फवारणी केली आणि बांधावरचं तण तसंच ठेवलं, असा तो प्रकार. झेरॉक्सचं दुकान म्हणजे तालुक्यातल्या पेनड्राइव्हांचं जंक्शन आहे: कॉलेज, ग्रामपंचायत, पतसंस्था, फ्लेक्सवाला, सगळ्यांची ये-जा तिथून. पूर्वी तर डबल-क्लिकही लागत नसे. पेनड्राइव्हवर ऑटोरन नावाची फाइल असली की खोचताक्षणी प्रोग्राम चालू. विंडोज ७ मध्ये ते बंद झालं आणि फेब्रुवारी २०११ च्या अपडेटने एक्सपी-व्हिस्टावरही बंद झालं. मग बनवणाऱ्यांनी शॉर्टकटची शक्कल काढली, म्हणजे क्लिक तुमच्याकडूनच करून घ्यायचं.

उपाय सांगतो, पण क्रम पाळा. सगळे पेनड्राइव्ह काढा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये अनोळखी नाव असेल ते बंद करा. विंडोज डिफेंडरचा ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. त्यात पीसी रिस्टार्ट होतो आणि विंडोज उठायच्या आत तपासणी होते, त्यामुळे चोराला लपायला वाव कमी. विंडोज स्क्रिप्ट होस्ट रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीतून) बंद करून टाका, तुमच्या कामात ते जवळपास कधीच लागत नाही. आणि फाइलची एक्स्टेंशन्स, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं, दिसतील असं सेटिंग करा. हे एक्स्टेंशन लपवायचं खूळ विंडोजने इतकी वर्षं का जपलंय, देव जाणे. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाची ईमेल जगभर फिरली, तिच्यातली फाइल वरून साधी टेक्स्ट वाटायची. शेवटचं व्हीबीएस (स्क्रिप्टचं एक्स्टेंशन) लपलेलं, म्हणून लोकांनी प्रेमपत्र समजून स्क्रिप्ट चालवली. आज विंडोज ११ मध्येही एक्स्टेंशन आपोआप दिसत नाहीत.

आणि तुमचा तो जुना पीसी आहे ना, त्याच्यावर विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम, लिनक्स मिंट, टाका आणि गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह फक्त तिथेच लावा. विंडोजच्या त्या स्क्रिप्टा तिथे चालत नाहीत. शॉर्टकट दिसले तर पुसून टाका, खऱ्या फाइली उचला, प्रिंट द्या. माझ्या ओळखीत ज्यांनी हे केलं, त्यांचे या कामाचे फोन मला येणं बंद झालं, माझं तेवढं नुकसान.

आता तुमचा नावांचा प्रश्न. तुमचं हे शॉर्टकटवालं काटेकोर बोलायचं तर वर्म: स्वतःच्या प्रती स्वतः काढतं आणि पुढे सरकतं. व्हायरस मात्र दुसऱ्या फाइलच्या किंवा डिस्कच्या अंगात शिरतो. १९८६ चा ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना आधी वाचला जाणाऱ्या भागात, बसायचा. लाहोरच्या दोन भावांनी तो लिहिला आणि त्यात स्वतःची नावं, पत्ता, फोन नंबरसुद्धा घातला होता! पुढे सॅलिटी आणि रॅम्निट या जातींनी आपल्याकडच्या पीसींवर उच्छाद मांडला. ते प्रत्येक प्रोग्रामच्या फाइलला चिकटत, आणि साफ केल्यावर निम्मे प्रोग्राम उघडत नसत. अशा वेळी दुरुस्तीत वेळ घालवू नये, फॉर्मॅट बरा. आता असे खरे व्हायरस क्वचितच दिसतात, पण लोक सगळ्यालाच व्हायरस म्हणतात, आणि तक्रार सांगायला ते चालतं. मी मात्र फोन आला की नाव विचारत नाही. आधी विचारतो, कुठल्या वाटेने आलं? वाट कळली की इलाज कळतो.

वर्मच्या घराण्यातले मोठे दांडगे पेनड्राइव्हचीही वाट बघत नाहीत. २००३ च्या ऑगस्टमधला ब्लास्टर आठवत असेल, एक्सपीवर खिडकी यायची आणि साठ सेकंदांची उलटी गिनती सुरू व्हायची. लोक पीसी घेऊन दुकानात यायचे, नवीन विंडोज टाकून न्यायचे, नेट जोडताच पुन्हा साठ सेकंद. कारण बिघाड विंडोजच्या दारातच होता. १२ मे २०१७ चा वॉनाक्राय तसाच. कुणी काही क्लिक करायची गरज नव्हती, नेटवर्कवरचा अपडेट नसलेला पीसी तो स्वतः शोधायचा, फाइली कुलूपबंद करायचा आणि तीनशे डॉलरचे बिटकॉइन मागायचा. दीडशेच्या आसपास देशांत पोचला. मायक्रोसॉफ्टने त्या भोकावरचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिला होता. आपल्याकडे अपडेट बंद का असतात ते मला माहीत आहे: मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पीसी चालतो, डेटा संपतो, आणि विंडोज चोरीचं असेल तर ‘अपडेट केलं की काळा स्क्रीन येतो’ ही भीती. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या दुसऱ्या पीसीवर तेच असेल तर ते मनावर घ्या.

वॉनाक्रायच्याच वर्षी, २०१७ च्या जूनमध्ये, नॉटपेट्या आला, त्याची वाट तर आणखी वेगळी. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच तो शिरला. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि इकडे न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. आपल्या रावेर-सावद्याची केळी परदेशी जातात ती त्याच बंदरातून. युक्रेनमधल्या कुणा अकाउंटंटच्या पीसीवर आलेलं अपडेट न्हावा शेव्यापर्यंत पोचलं.

ट्रोजनची गोष्ट निराळी. ते स्वतः कुठे जात नाही, तुम्हीच त्याला हाताला धरून घरात आणता. आपल्या भागात त्याची सगळ्यात मोठी वाट म्हणजे क्रॅक, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेलं सॉफ्टवेअर. लग्नसराई तोंडावर आली की फ्लेक्सवाल्यांना, पत्रिकावाल्यांना कोरलचं नाहीतर फोटोशॉपचं नवीन व्हर्जन हवं असतं. युट्यूबवर कुणीतरी लिंक देतो, झिपला पासवर्ड असतो, आणि पहिली सूचना: ‘इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा.’ झिपला पासवर्ड का, तर आत काय आहे ते अँटिव्हायरसला वाचता येऊ नये म्हणून. आणि तो बंद करायला सांगणारा बंद का करायला सांगतोय, हे विचारायची फुरसत पत्रिकांच्या गर्दीत कुणाला असते?

या वाटेने येणाऱ्यांत ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाचं रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) मी सगळ्यात जास्त पाहिलंय. सेटअप चालवला की विंडोज अपडेट होतंय अशी खोटी खिडकी येते. हार्डडिस्क घरघरते, माणूस म्हणतो अपडेट चाललंय, चहा पिऊन येऊ. तोवर आत फाइली एकेक करून कुलूपबंद होतात. परत येऊन बघतो तर प्रत्येक नावामागे चार अक्षरांचं विचित्र शेपूट आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची टेक्स्ट फाइल: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिले तर ४९०. ऑगस्ट २०१९ च्या आधीच्या बऱ्याच जातींच्या फाइली मोफत टूलने सुटतात. त्यानंतरच्या, चोराचा सर्व्हर तेव्हा बंद असताना ‘ऑफलाइन की’ वापरली गेली असेल आणि ती की पुढे कुणाच्या हाती लागली असेल, तरच. ही जात फाइलच्या सुरुवातीचा साधारण दीडशे केबीचाच भाग बिघडवते, त्यामुळे लग्नाचे मोठे व्हिडिओ कधीकधी दुरुस्त होतात. पत्रिकांच्या छोट्या फाइली मात्र पूर्णच जातात. ‘नो मोअर रॅन्सम’ ही साइट युरोपोल, डच पोलीस आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केली, मोफत टूल तिथून घ्या. ‘शंभर टक्के डेटा परत’ अशी जाहिरात करणारे बहुतेक जण चोराशीच सौदा करून मध्ये कमिशन खातात.

ज्यांच्याकडे हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर आहे, त्यांच्याकडे रॅन्समवेअर आणखी एका दाराने येतं आणि तिथे क्रॅकचा काही संबंध नसतो. इथल्याच एका दालमिलची गोष्ट. अकाउंटंटला घरून काम करता यावं म्हणून कुणीतरी राउटरमधून रिमोट डेस्कटॉपचं (दुरून पीसी चालवायच्या सोयीचं) ३३८९ नंबरचं पोर्ट, म्हणजे दार, सरळ इंटरनेटला उघडून दिलं. युजर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, पासवर्ड मिलचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. असे उघडे दरवाजे शोधणारे प्रोग्राम जगभर चोवीस तास फिरत असतात, त्यांना जळगाव काय आणि जर्मनी काय. रविवारी रात्री माणूस आत आला. इथे व्हायरस नाही, खरोखर माणूसच माऊस हलवत होता. त्याने अँटिव्हायरस काढला, विंडोजने जपून ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती पुसल्या, बॅकअपची डिस्क पीसीला जोडलेलीच होती तीही कुलूपबंद केली, आणि जाता जाता चिठ्ठी ठेवली. सोमवारी सकाळी मालक आले तेव्हा मार्चएंड दहा दिवसांवर होता. डेटा वाचला तो अकाउंटंटने महिनाभर आधी जीएसटीच्या कामासाठी सीएकडे कॉपी नेली होती म्हणून; बाकी महिन्याच्या पावत्या पुन्हा बसून मारल्या. रिमोटने काम करायचंच असेल तर व्हीपीएन (दुरून आत यायची खासगी, कुलूपबंद वाट) बसवा, आणि बॅकअपची डिस्क कॉपी झाली की उपटून कपाटात ठेवा. रोज जोडलेली डिस्क हा बॅकअप नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटींच्या वर रक्कम गेली, तिथेही चोरांनी आधी मालवेअरने, म्हणजे अशाच घातक प्रोग्रामने, आत जागा केली होती. तिथे बँक होती, इथे मिल. आत बसून बेत आखायची रीत तीच.

तुमच्यासाठी मला जास्त धास्ती वाटते ती एका शांत जातीची, इन्फोस्टीलरची. ती फाइली बंद करत नाही, पैसे मागत नाही. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, लॉगिन चालू ठेवणाऱ्या कुकी, डेस्कटॉपवरच्या कागदपत्रांच्या प्रती, सगळं मिनिटभरात गुंडाळून पाठवते आणि बऱ्याचदा स्वतःला पुसून टाकते. दुसऱ्या दिवशी स्कॅन केलं तर पीसी स्वच्छ! कुकीच गेली असेल तर पासवर्ड आणि ओटीपी न विचारताही चोर तुमच्या खात्यात बसतो. आता तुमच्या ब्राउझरमध्ये काय सेव्ह आहे आठवा: महाडीबीटीवरची पोरांची लॉगिनं, पीक विम्याची, पॅनची, तुमच्या सेंटरचं पोर्टल. त्या शेतकऱ्याचे पैसे तुमच्यामुळे गेले नाहीत असं मी वर म्हटलं. पण उद्या तुमच्या पीसीत हे शिरलं, तर तालुक्यातल्या निम्म्या गिऱ्हाइकांची कागदपत्रं तुमच्यामुळेच जातील, हेही तितकंच खरं. गिऱ्हाइकाचा पासवर्ड ब्राउझरला कधीच सेव्ह करू देऊ नका. फॉर्मच्या कामाला गेस्ट विंडो वापरा, ती बंद केली की लॉगिन, कुकी मागे उरत नाहीत; डाउनलोड केलेल्या फाइली मात्र राहतात.

याची एक नवी वाट सध्या जोरात आहे. एखादी साइट उघडली की ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ अशी चौकट येते आणि सांगते, विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. तुम्ही पेस्ट करता ती कमांड त्या साइटने आधीच क्लिपबोर्डवर ठेवलेली असते. कुठलीही खरी कॅप्चा रन बॉक्स उघडायला लावत नाही. दुकानात काम करणाऱ्या पोरांना हे एकदा करून दाखवा, पेस्ट करून एंटर न मारता. सांगून डोक्यात बसत नाही.

बाकीचे पटकन. ब्राउझरच्या कोपऱ्यात ‘तुमच्या पीसीत १३ व्हायरस सापडले’ असं सारखं येत असेल तर ते बहुतेक मालवेअर नसतंच. कधीतरी कुठल्या साइटला नोटिफिकेशन ‘अलाऊ’ केलंय, सेटिंगमध्ये जाऊन काढा. त्या सूचनेत दिलेल्या नंबरवर फोन मात्र करू नका. ॲडवेअर, म्हणजे सारख्या जाहिराती दाखवणारा प्रोग्राम, फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरांबरोबर येतं. कॉइन मायनर तुमच्या पीसीवर दुसऱ्याची नाणी पाडतो, आणि आपल्याकडे तो ओळखणं अवघड, कारण मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात सगळ्याच पीसींचे पंखे कोकलतात. काहीच उघडं नसताना सीपीयू नव्वद टक्क्यांवर असेल तर मात्र तपासा. रूटकिट विंडोजच्या मुळाशी बसून स्वतःला लपवतं, त्याचा शोध दुकानात लागत नाही, पेनड्राइव्हने बूट करूनच काय ते. आणि दुकानात सीसीटीव्ही असेल तर त्याच्या डीव्हीआरचा (रेकॉर्डिंगच्या डब्याचा) कंपनीचा पासवर्ड आजच बदला. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर फॅक्टरीच्या पासवर्डने उघडून लाखोंची फौज उभी केली होती. बसवणारा कधीच बदलून देत नाही.

अँटिव्हायरस कुठला घ्यावा हे तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल म्हणून सांगतो. अपडेट असलेलं डिफेंडर तुमच्या कामाला पुरतं. विकत घ्यायचा तर घ्या, पण दोन एकदम टाकू नका, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. क्रॅक केलेला अँटिव्हायरस वापरणारे मी पाहिलेत, त्यांना काय सांगणार? सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र बॉट (पीसी दुसऱ्याच्या ताब्यात देणारं मालवेअर) काढायची टूल्स मोफत देतं, तेही वापरता येतं.

राहिला फॉर्मॅट. शॉर्टकटच्या वर्मसाठी गरज नाही, वरचा क्रम पाळला तर जातं, आणि पेनड्राइव्हची वाट तशीच ठेवून फॉर्मॅट मारलात तर आठवड्यात पुन्हा येतं. पण त्या पीसीवर कधी क्रॅक टाकला असेल, किंवा फाइलींना शेपटं लागली असतील, तर हो, मारा, आणि फक्त सी ड्राइव्ह नाही, सगळी डिस्क. त्याआधी दुसऱ्या स्वच्छ पीसीवरून किंवा फोनवरून ईमेल आणि पोर्टलचे पासवर्ड बदला, आणि ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ करा, म्हणजे चोरलेली कुकी कुचकामी होते. प्रिंटरचे ड्रायव्हर, मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरची की, बायोमेट्रिक मशीनचा सेटअप आधी काढून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसाल आणि फॉर्म एकही भरला जाणार नाही. बॅकअप घेताना प्रोग्रामच्या फाइली उचलू नका, फक्त कागदपत्रं आणि फोटो. आणि डाउनलोड फोल्डरमध्ये गेल्या कित्येक वर्षांच्या गिऱ्हाइकांची आधारची पीडीएफ साठलेली असतील, ती बॅकअपमध्ये नेऊच नका, तिथेच डिलीट करा. इथून पुढे रोज रात्री शटर ओढण्याआधी ते फोल्डर रिकामं करायचं काम पोरांना लावून द्या.